चौकटीतल्या वीस माश्या

राग आला की माझी जपानी बिघडते. एरवी मी ऑफिसात क्लायंटसमोर तासभर बोलू शकते, वॉर्ड ऑफिसात फॉर्म भरताना मला कुणाची मदत लागत नाही. पण डोकं तापलं की आधी आदरार्थी रूपं पळतात, मग क्रियापदं, आणि तोंडात उरतात ती नुसती नामं. आयुष्यातली सगळ्यात वाईट जपानी मी बोलले ती एप्रिलमधल्या एका रविवारी, टोकियोपासून अडीच तासांवर, डोंगरातल्या एका नदीकाठी. त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही. तो कुणावर आहे, हे मात्र बदलत गेलं.

आम्ही टोकियोत हिगाशी-कसाईला राहतो. नवरा आणि मी, दोघंही पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमधले. तळमजल्यावर एक जपानी आजी एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, बोलणं मोजकं. आमची ओळख कचऱ्यावरून झाली. नोव्हेंबरमध्ये, न जळणारा कचरा ठेवायच्या दिवशी, मी जुना तवा घेऊन खाली गेले तर त्या एका खोक्यासमोर उकिडव्या बसलेल्या. खोक्यात पिसांच्या पुड्या, दोऱ्याची रिळं, टेबलाला लावायचा एक छोटा शेगडा, म्हणजे गळ पकडून ठेवायचा लोखंडी चिमटा, आणि डब्याच्या झाकणात पंधरा-वीस किडे.

"ओकुसान," त्या मला म्हणाल्या. शेजारच्या घरच्या बाईला इथं असंच म्हणतात, वहिनी म्हणावं तसं. "गळ धातूचा आहे, पण त्यावर पीस बांधलंय. हे कुठल्या पिशवीत जाईल?"

मी वाकून बघितलं. किडे खरे नव्हते. तांदळाच्या दाण्याएवढ्या गळावर कुणीतरी पिसांचे पंख, केसांची शेपटी आणि दोऱ्याचं पोट बांधलं होतं. एकाच्या मिशा इतक्या बारीक होत्या की माझ्या श्वासानं हलल्या.

"टाकताय कशाला?"

"नवरा गेला. आता मासे कोण धरणार?"

मी म्हटलं टाकू नका. का म्हटलं ते मलाही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोकं माझ्या हातात दिलं आणि आत निघून गेल्या. त्याच संध्याकाळी दाराची बेल वाजली. आजी दारात उभ्या. "वापरता येत नसेल तर घरात कचरा साठवणं बरं नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारी दोन वाजता खाली या. खोकं घेऊन."

अशी मी फ्लाय बांधायला शिकायला लागले. मराठीत सांगायचं तर माश्या बांधायला. ट्राऊट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. तो पाण्यावर उतरणारे किडे खातो. म्हणून गळावर तसाच किडा बांधायचा, आणि त्या वजनच नसलेल्या किड्याला लांब दोरीच्या झोक्यानं पाण्यावर अलगद ठेवायचं. लागलेला मासा बहुतेक लोक परत सोडतात. नवऱ्याला हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू अंडंसुद्धा खात नाहीस आणि मासे फसवायला माश्या बांधणार."  

आजींची शिकवण्याची पद्धत म्हणजे नापसंती. "सैल." "जाड." "डोकं कुठाय?" पहिले तीन शनिवार मी बांधलेली प्रत्येक माशी त्यांनी ब्लेडनं कापून गळ उघडा केला आणि परत शेगड्यात लावून दिला. चौथ्या शनिवारी एक कापली नाही. नुसती बाजूला ठेवली. मी इतकी खूश झाले की वर येऊन नवऱ्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "डास आहे का?"

आजींच्या बैठकीत त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचे बरेच फोटो होते. टोपी, खिसेवालं जाकीट, हातात उघडी पेटी, पेटीत ओळीनं माश्या. मासेमारीच्या मासिकातलं एक पानही फ्रेम करून लावलेलं. त्याच्या हातांचा मोठा फोटो आणि खाली त्याच्या नाजूक कलेबद्दल दोन रकाने. जानेवारीतल्या एका दुपारी, त्या दोरा कापत होत्या तेव्हा मी सहज म्हटलं, "फार सुंदर बांधायचे ते."

"तो?" मान वर न करता आजी म्हणाल्या. "त्याला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं."

"मग ह्या कुणी बांधल्या?"

"मी."

"सगळ्या?"

"चौतीस वर्षं."

हळूहळू बाकीचं कळलं. लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याला हा नाद लागला. सुरुवातीला तो स्वतः बांधायला बसायचा, दोरा तुटला की चिडून सगळं फेकायचा. आजींनी जमिनीवरून एक उचलली, उलगडून पाहिली आणि परत बांधली. तेव्हापासून ते काम त्यांचं. रविवारी तो नदीवरून येताना छोट्या डबीत मेलेला किडा आणायचा. त्या तो भिंगाखाली ठेवून पुढच्या शनिवारपर्यंत हुबेहूब तसे बारा बांधायच्या. मासेमारीच्या क्लबातल्या लोकांना तो सांगायचा, मी बांधले. लोक त्याच्याकडे मागायला लागले. तो वाटायला लागला. त्या जास्त बांधायला लागल्या.

"आणि मासिकवाले आले तेव्हा?"

"चहा केला."

हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. मी मात्र वर येऊन कुकरचं झाकण ओट्यावर आपटलं. फोटोतले ते हात माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात. दुसऱ्याच्या कामावर बोटं पसरून बसलेले, फोटोसाठी नखं कापलेले हात.

माझ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. "पण त्यांना चालतंय ना?" तो म्हणाला.

"चालतंय म्हणजे काय? चौतीस वर्षं कुणी विचारलंच नाही, याला चालणं म्हणतात?"

"मग तू का चिडतेस? माणूस गेलाय. आता त्याच्याशी भांडणार आहेस का?"

मला भांडायचं होतं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही याचाही राग आला होता.

मार्चमध्ये आजींना क्लबाचं पत्र आलं. नदीवर मच्छीमार मंडळाची एक लाकडी खोली आहे, तिथं त्यांच्या नवऱ्याच्या वीस निवडक माश्या चौकटीत घालून भिंतीवर लावणार होते. तो जाऊन दोन वर्षं होत होती. पत्नीनं अवश्य यावं. शिवाय त्याचा शेगडा मिळाला तर चौकटीखाली काचेत ठेवता येईल.

तो शेगडा वर माझ्या टेबलाला लावलेला होता.

"देणार?" मी विचारलं.

"मागितलाय तर द्यायला हवा."

"तुम्ही त्या नदीवर कधी गेलाय?"

"नाही. तिथं बायकांची सोय नाही, असं तो म्हणायचा."

"सोय म्हणजे?"

"टॉयलेट असावं," आजी म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मी भाड्याची गाडी घेतली. शेगडा टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवला. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या ऑफिसात मी चार महिने खपून केलेलं डिझाईन टीम लीडनं वरच्या लोकांसमोर मांडलं होतं. पहिल्या स्लाइडवर त्याचं नाव, शेवटच्या स्लाइडवर सहकार्याबद्दल आभार, त्यात मी तिसरी. हे सांगायला हवं, कारण रविवारी मी जे केलं ते फक्त आजींसाठी केलं असं म्हणणं खोटं ठरेल.

नदी सुंदर होती. बर्फ वितळून आलेलं पाणी, दगडांवरून पांढरं होऊन पडणारं, आणि दगडांमागे काळंभोर थांबलेलं. खोलीत दहा-बारा पुरुष होते, बहुतेक सत्तरीचे, अतिशय सभ्य. त्यांनी आजींना पुढच्या खुर्चीवर बसवलं, मला मागची दिली. क्लबाच्या अध्यक्षांनी छोटं भाषण केलं. त्याच्या बोटांत देव होता, ते म्हणाले. असा हात आता होणे नाही. मग चौकटीवरचं कापड काढलं. वीस माश्या, पाच-पाचच्या चार ओळी, खाली पितळेच्या पट्टीवर त्याचं नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजींनी वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या ओळीतली तिसरी माशी मी ओळखली. मान डावीकडे किंचित जाड. आजींचा डावा अंगठा वाकडा आहे, त्यामुळे शेवटची गाठ त्यांच्याकडून तशीच पडते. मी उठले.

"ह्या त्यांनी बांधल्या," मी अध्यक्षांना म्हटलं आणि आजींकडे हात केला.

ते हसले. "अर्थात. ओकुसानचा आधार नसता तर तो इतका पुढे गेलाच नसता." पुढे त्यांनी जपानीतला एक ठरलेला शब्दप्रयोग वापरला. घरात राहून पत्नीनं केलेली मदत, असा त्याचा अर्थ. लग्नात, निरोपसमारंभात, सगळीकडे वापरतात. मला वाटतं तो नसता वापरला तर मी खाली बसले असते.

"मदत नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता. "माशी. सगळी माशी. आजी. नवरा नाही. नवरा बटण नाही."

 कुणीतरी घसा खाकरला. अध्यक्ष आजींकडे वळले आणि फार मृदूपणे म्हणाले, "ओकुसान, असं आहे का?"

आजी उठल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "माफ करा. ही शेजारीण आहे. हिला जपानी नीट बोलता येत नाही."

सगळे सुटल्यासारखे हसले. एकानं मला चहा आणून दिला. समोर त्या वीस माश्या काचेमागे शांत बसल्या होत्या. निघताना अध्यक्षांनी शेगड्याचं विचारलं. आजींनी खाली वाकून सांगितलं, "फार वाईट वाटतं. तो कचऱ्यात गेला."

 पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडायच्या आधी मला राहवलं नाही.

"खोटं का बोललात?"

"कुठलं?"

"दोन्ही."

"शेगडा वापरात आहे. वापरातली वस्तू काचेत ठेवत नाहीत."

"आणि मी? मला जपानी येत नाही?"

"आज येत नव्हती," आजी म्हणाल्या. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज कडक झाला. "मला सांगायचं असतं तर मी सांगितलं असतं. माझं तोंड आहे. चौतीस वर्षं तो माझ्या हातांनी बांधत होता. आता तुम्ही माझ्या तोंडानं बोलणार?"

परतीच्या अडीच तासांत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी तीन वेळा चुकीच्या लेनमध्ये शिरले. घरी आल्यावर नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शुक्रवारचा राग तू रविवारी काढलास."

"हो, काढला. मग?"

"शुक्रवारी का नाही काढलास? तिथं तर तुझंच होतं."

त्या रात्री मी त्याच्याशीही बोलले नाही. कारण तो बरोबर होता, आणि बरोबर असण्याची त्याची वेळ नेहमी चुकते. सोमवारी मी टीम लीडला गाठलं. शांतपणे, सगळी क्रियापदं जागेवर ठेवून सांगितलं की पुढच्या वेळी डिझाईन मी मांडणार. त्यानं सॉरी म्हटलं आणि वाकला. ते पुरेसं नव्हतं. पहिली स्लाइड होती तशीच राहिली.

शनिवारचं खाली जाणं बंद झालं. कचऱ्याच्या दिवशी आजी दिसल्या तर मान हलवायच्या, मीही हलवायचे. मला त्यांचाही राग येत होता. मी त्यांच्यासाठी उभी राहिले आणि त्यांनी मला दहा पुरुषांसमोर भाषा न येणारी परदेशी बाई करून टाकलं. त्यांचं पार्किंगमधलं बोलणं खरं होतं हे मला कळत होतं. खरं होतं म्हणून अपमान कमी झाला नाही.

जूनमध्ये एका सकाळी बेल वाजली. आजी दारात, पावसाळी कोट घालून.

"शनिवारी गाडी मिळेल का?" त्या म्हणाल्या. "ती नदी नको. दुसरी कुठलीही. तुमची काठी घ्या."

माझी काठी म्हणजे मी हौसेनं घेतलेली मासे धरायची साधी, शिकाऊ काठी. मैदानात दोनदा फिरवली होती, दोन्ही वेळा दोरी माझ्याच केसांत अडकली होती. तरी निघालो. वाटेत कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, मासेमारीचे एका दिवसाचे दोन परवाने घेतले. फॉर्मवर आजींनी स्वतःचं नाव सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं.

नदी लहान होती. आभाळ भरलेलं, पाऊस नव्हता. आजी गुडघाभर पाण्यात, माझ्या नवऱ्याचे गमबूट घालून उभ्या राहिल्या. अकराच्या सुमारास पाण्यातून किडे वर यायला लागले. आधी एक-दोन, मग शेकड्यांनी. पाण्यावर क्षणभर तरंगायचे, पंख उभे करायचे आणि उडायचे. मागे ट्राऊट उसळून त्यांना गिळत होते, पाण्यावर वर्तुळं उमटत होती. मी घाईनं आजींची एक माशी दोरीला बांधायला लागले.

"थांबा," आजी म्हणाल्या.

एक किडा त्यांच्या बाहीवर बसला होता. त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मग माझ्या हातातली माशी घेऊन त्याच्या शेजारी ठेवली. पंखांची उंची तीच. शेपटीचे तीन केस तेच. पण त्यांनी बांधलेली माशी तपकिरी होती, आणि बाहीवरचा किडा हिरवा. कोवळ्या पानासारखा, पोटाकडे पिवळट.

"हा हिरवा आहे," आजी म्हणाल्या.

"हो."

"मेल्यावर तपकिरी होत असणार. डबीत वाळून."

मी काहीच बोलले नाही. या वेळी मुद्दाम.

"त्याला दिसत होतं," त्या म्हणाल्या. "दर रविवारी तो असाच पाण्यात उभा राहायचा. त्याला हिरवा दिसत होता. आणि घरी येऊन मला तपकिरी माशीला छान म्हणायचा." किडा उडून गेला. आजींनी बाही तशीच वर धरून ठेवली होती. "नावाचं मला काही नव्हतं. नाव त्यानं घेतलं तर घेतलं. पण हे त्यानं मला सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी दोरा बदलला असता."

त्यांनी मूठ वळून पाण्यावर मारली. एकदा, मग पुन्हा. पाणी त्यांच्या चष्म्यावर उडालं. आसपासचे मासे अर्थातच पळाले. जानेवारीपासून मी त्यांच्या वतीनं चिडत होते आणि चुकीच्या गोष्टीवर चिडत होते, हे मला तिथं उभं राहून कळलं. मला पितळेची पट्टी खुपत होती. त्यांचं दुःख रंगाचं होतं, चौतीस वर्षं चुकत राहिलेल्या आणि कुणीच दुरुस्त न केलेल्या कामाचं.

थोड्या वेळानं त्यांनी चष्मा पुसला आणि काठी मागितली. फेकायला त्यांना येत नव्हतंच. दोरी चार हातांवर पडली. पण पाणी पुन्हा शांत झालं होतं, आणि त्या तपकिरी माशीलाच एक वीतभर मासा लागला. माशांना इतका फरक कळत नसावा. त्यांनी हात ओला करून तो धरला. अंगावर बोटांच्या ठशांसारखे करडे डाग. गळ अलगद काढला, पाण्याखाली हात उघडला. मासा गेला. त्या हसल्या नाहीत.

"मूर्ख," त्या म्हणाल्या. माशाला की नवऱ्याला, मी विचारलं नाही.

परतताना त्या बोलायला लागल्या. पहिला बोगदा लागायच्या आधी सुरू झाल्या आणि थांबल्याच नाहीत. तो जेवताना कसा आवाज करायचा, बहिणीच्या लग्नाला कसा जाऊ देईना, त्यांच्या आईच्या आजारपणात कसा नदीवर निघून गेला, एकदा त्यांनी स्वतःसाठी बांधलेली एक लाल माशी कशी न विचारता कुणाला तरी देऊन टाकली. जपानीत इतक्या शिव्या असतात हे मला माहीत नव्हतं. काही शब्द मला कळले नाहीत, पण मी अर्थ विचारला नाही. मी डावीकडच्या लेनमधून, ट्रकच्या मागोमाग, शक्य तितकी हळू गाडी चालवत राहिले.